पुण्याचा समुद्र

पुण्यास टेकड्या आहेत, पेठा आहेत, विद्यालयें आहेत आणि या सर्वांविषयींचा रास्त अभिमानहि आहे. नाहीं तो एक समुद्र. मुंबईचा पाहुणा आला म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं हें उणें तो बोलून दाखवितोच. परंतु पुणेकरांनीं ही उणीव आपल्यापुरती केव्हांच भरून काढली आहे. रविवारीं तिसऱ्या प्रहरीं सिंहगडच्या रस्त्यानें वाहनांची जी रांग लागते, ती समुद्रावरच निघालेली असते. शहरापासून दहा-बारा मैल गेल्यावर खडकवासल्याच्या धरणाची भिंत मागें पडते आणि उजव्या हातास एकाएकीं विस्तीर्ण पाणी उघडें होतें. त्या पाण्याच्या कांठास लोक चौपाटी म्हणतात. भाजलेलीं कणसें, कांदाभजीं, फुगे असा चौपाटीचा सर्व सरंजाम तेथें असतो. वारा सुटला तर लहानशा लाटाहि असतात.

गेल्या हिंवाळ्यांत आम्ही आमच्या नातीस घेऊन तेथें गेलों होतों. तिनें पाण्याकडे बराच वेळ पाहून विचारलें, "आजोबा, पलीकडचा कांठ तर दिसतो आहे, मग हा समुद्र कसा?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं, म्हणून आम्हीं तिच्या हातांत कणीस दिलें. मुलांचे प्रश्न चुकविण्याची ही रीत जुनी आहे. पण ती मुलांपुरतीच चालते, स्वतःच्या मनापुढें चालत नाहीं. पुढच्या आठवड्यांत एके दिवशीं उजाडतांना, गर्दीच्या आधीं, आम्ही एकटेच पुन्हा त्या कांठावर जाऊन उभे राहिलों.

पाणी रस्त्यापासून बरेंच खालीं उतरलें होतें आणि मध्यें काळ्या ओल्या चिखलाचा एक पट्टा उघडा पडला होता. रविवारीं याच पट्ट्यावर वाहनें उभीं होतीं; त्यांच्या चाकांचे वण अजून दिसत होते. आतां तेथें दुसरीच वस्ती होती. शेपटीकडचा भाग सारखा वर-खालीं हलवीत एक तुतारी पाण्याच्या कडेकडेनें चालली होती. तिच्यापलीकडे गुलाबी लांब पायांचे शेकाटे पाण्यांत उभे राहून चोंचीनें कांहीं टिपीत होते. टिलव्यांचा एक लहान थवा चिखलावर इकडून तिकडे धांवे, थांबे आणि पुन्हा धांवे. एका बुडक्या झाडाच्या वठलेल्या फांदीवर पाणकावळे पंख पसरून वाळवीत बसले होते. आणि मधूनमधून पिवळ्या चोंचीचा नदीसुरय पाण्यावरून संथपणें उडत जाऊन एकदम खालीं सूर मारी. हा सर्व देखावा समुद्रकिनाऱ्याचा होता. रत्नागिरीच्या खडकाळ कांठावर जी तुतारी आम्हीं पूर्वीं पाहिली होती, तीच येथें तशाच चालीनें चालत होती.

रस्त्याच्या कडेस एक बाई आपली शेगडी पेटवीत होती. या पांखरांविषयीं आम्हीं तिला सहज विचारलें. ती म्हणाली, "बाबा, पाणी उतरलं की ही येत्यात, पाणी चढलं की जात्यात. माणसं मातर सदाचीच." आमच्या नातीच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर या वाक्यांत होतें. उरलेलें अर्धें या तलावाच्या इतिहासांत शोधावें लागतें.

दीडशें-पावणेदोनशें वर्षांपूर्वीं येथें तलाव नव्हता, नदी होती. आंबी आणि मोसी या दोघींचें पाणी घेऊन मुठा सह्याद्रीच्या दऱ्यांतून बाहेर पडते आणि खडकवासल्यावरून पुण्यास जाते. या प्रदेशांतील नद्यांत आणि त्यांच्या कांठीं कोणते प्राणी राहत, हें आपणांस बऱ्याच अंशीं विल्यम हेन्री साइक्स नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यामुळें कळतें. सन १८२४ मध्यें मुंबई सरकारनें दख्खनची सर्व प्रकारची माहिती गोळा करण्याच्या कामावर त्याची नेमणूक केली. जमीन, पिकें, लोकसंख्या यांबरोबर त्यानें पशुपक्षीहि टिपले. दख्खनच्या पक्ष्यांची त्याची यादी १८३२ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झाली आणि माशांचें वर्णन १८३९ सालीं. माशांना शास्त्रीय नांवें देतांना त्यानें येथील लोकांच्या तोंडचीच नांवें पुष्कळदां उचललीं. खुद्री, कोलूस, मुल्या, फुलंगी अशीं हीं नांवें लॅटिन वेषांत आजहि जगभरच्या प्राणिशास्त्रांत वावरत आहेत. नदीसुरयालाहि त्यानें एक नांव दिलें होतें. परंतु दुसऱ्या एका शास्त्रज्ञाचें नांव एक वर्ष आधीं प्रसिद्ध झालेलें असल्यामुळें शास्त्राच्या नियमानें तें मागें पडलें. यावरून एवढें निश्चित होतें कीं, समुद्रपक्ष्यांच्या कुळांतील हा सुरय तलावामुळें दख्खनांत आलेला नाहीं. तो नदीचा जुना रहिवासी आहे. उन्हाळ्यांत नदीचें पाणी आटून वाळूचीं बेटें उघडीं पडत आणि त्या उघड्या वाळूवरच तो अंडीं घाली.

पुढें १८६० नंतरच्या दशकांत पुणें शहर व लष्करी छावणी यांच्या पाण्याचा आणि पूर्वेकडील कोरडवाहू शेतीचा प्रश्न एकदमच सोडवावा असा विचार झाला. पेशव्यांनीं अठराव्या शतकांत कात्रजहून नळ बांधून शहरांत पाणी आणलें होतें. पण वाढत्या वस्तीला तें पुरेसें नव्हतें. रॉयल एंजिनिअर्सच्या फाइफ या अधिकाऱ्याच्या योजनेप्रमाणें खडकवासल्यास १८६९ सालीं धरणाचें काम सुरू झालें आणि १८७९ मध्यें तें पुरें झालें. हें काम चालूं असतांच १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ दख्खनवर कोसळला. पाणी सांठविण्याची गरज काय असते, हें त्या पिढीला निराळें सांगावें लागलें नाहीं. जवळजवळ एक मैल लांबीची ही दगडी भिंत तत्कालीन मोठ्या धरणांत गणली जाई. तिच्या मागें पांच चौरस मैलांहून अधिक पाणी पसरलें आणि त्यास फाइफचें नांव मिळालें. सरकारी कागदांत तो कित्येक वर्षें 'लेक फाइफ' होता. लोकांनीं मात्र गांवाचें नांव सोडलें नाहीं. आणि शेवटीं तेंच टिकलें.

या तलावानें एका मोठ्या बुद्धीलाहि काम दिलें. भिंतीची उंची न वाढवितां सांठा कसा वाढवावा, हा प्रश्न मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांच्यापुढें होता. सांडव्यावरून जादा पाणी वाहून जाई. तेथें त्यांनीं आपोआप उघडणारे व मिटणारे दरवाजे बसविले. पाणी ठराविक पातळीच्या वर चढलें कीं ते उघडत आणि पूर ओसरला कीं मिटत. मनुष्याचा हात लागावा लागत नसे. १९०३ सालीं बसविलेल्या या दरवाजांनीं तलावाची पातळी सुमारें आठ फूट वाढली. पुढें ग्वाल्हेर आणि म्हैसूर संस्थानांतील धरणांवरहि ही योजना उपयोगांत आली.

यानंतर खडकवासल्याच्या नशिबीं समुद्राचें सोंग आलें, आणि तें एकदां नव्हे तर दोनदां. सन १९१६ मध्यें मुंबई सरकारनें पाटबंधाऱ्यांच्या संशोधनाकरितां एक लहानसें खातें काढलें. तेंच वाढत वाढत खडकवासल्यास स्थिर झालें आणि आज केंद्रीय जल व विद्युत् संशोधन शाला म्हणून प्रसिद्ध आहे. तेथें नद्यांच्या आणि धरणांच्या प्रतिकृति करतात हें पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु बंदरांच्या प्रतिकृतिहि करतात हें फारच थोड्यांस ठाऊक असतें. मोठ्या हौदांत किनारा, खाडी, धक्का हें सर्व प्रमाणांत लहान करून बांधतात, यंत्रानें लाटा उठवितात, आणि भरती-ओहोटी घडवून आणतात. खऱ्या समुद्रावर एका भरतीपासून दुसरीपर्यंत साडेबारा तासांच्या आंत-बाहेर काळ जातो. प्रतिकृतींत जितकें अंतर लहान तितका काळहि ठराविक नियमानें लहान करावा लागतो, म्हणून तेथें हें सर्व चक्र मिनिटांत पुरें होतें. समुद्रापासून कित्येक मैल दूर आणि त्याच्या पातळीपासून अठराशें-एकोणीसशें फूट उंच अशा या खेड्यांत मुंबईच्या बंदराचा अभ्यास होतो, ही गोष्ट कोणास विनोदाची वाटेल. पण ती खरी आहे.

दुसरें सोंग युद्धाचें. दुसऱ्या महायुद्धांत जपानच्या ताब्यांतील किनाऱ्यांवर सैन्य उतरविण्याची तयारी करावयाची होती. त्यासाठीं तलावाच्या उत्तर कांठीं तिन्ही दलांच्या संयुक्त शिक्षणाचें केंद्र होतें आणि तेथें एक लुटुपुटीचें जहाज उभारलेलें होतें. त्याला 'अँगोस्टुरा' असें जहाजाला साजेसें नांवहि होतें. या तलावाच्या पाण्यावर सैनिक महासागराचा किनारा जिंकण्याचा सराव करीत. युद्ध संपलें, जहाज ओस पडलें. परंतु तें व्यर्थ गेलें नाहीं. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीकरितां जागा शोधतांना तलाव, जवळचा विमानतळ आणि हें जुनें केंद्र या गोष्टी खडकवासल्याच्या बाजूच्या ठरल्या. ६ ऑक्टोबर १९४९ रोजीं पंडित नेहरूंनीं पायाभरणी केली आणि जानेवारी १९५५ मध्यें प्रबोधिनीचें उद्घाटन झालें. आजहि तिचे विद्यार्थी तलावाच्या 'पीकॉक बे' नांवाच्या फांट्यांत शिडें उभारून नौकानयन शिकतात. नौदलाच्या कित्येक अधिकाऱ्यांची समुद्राशीं पहिली ओळख अशा रीतीनें मुठेच्या पाण्यावर झाली आहे.

१२ जुलै १९६१ चा दिवस पुण्यांतील जुन्या मंडळींस सांगावा लागत नाहीं. आंबी नदीवरील पानशेतचें धरण पूर्ण होण्यापूर्वींच त्या सकाळीं फुटलें. त्याचा लोंढा खडकवासल्याच्या तलावांत आला आणि दुपारीं ही जुनी दगडी भिंतहि खचली. नदीकांठच्या पेठांतून पाणी फिरलें, घरें कोसळलीं, माणसें गेलीं, संसार उघड्यावर आले. आणि पूर ओसरल्यावर त्याच शहरांत प्यावयास पाणी नव्हतें; लोक आपल्या वाड्यांतील विसरलेल्या विहिरींकडे आणि कात्रजच्या हौदांकडे वळले. ब्यायशीं वर्षें ज्याला आपण गृहीत धरलें तो सांठा एका दिवसांत रिता झाला. हा समुद्र माणसानें केलेला आहे आणि माणसाच्या चुकीनें तो जाऊंहि शकतो, एवढें त्या दिवसानें शिकविलें.

खडकवासल्याचें धरण पुन्हा उभें राहिलें. वरच्या बाजूस पानशेतहि पुन्हा बांधलें गेलें. मोसीवर वरसगांव झालें, मुठेवर टेमघर झालें. आज या चारी धरणांचा मिळून उपयुक्त सांठा सुमारें २९ अब्ज घनफूट आहे. पैकीं खडकवासल्याचा वांटा दोन अब्जांहूनहि कमी. जें एके काळीं एकटेंच सर्व भार वाहत होतें तें आतां वरून येणारें पाणी घेऊन शहराला आणि कालव्याला वाटून देणारा हौद झालें आहे.

आतां त्या बाईच्या वाक्याकडे वळूं. समुद्रकांठचे हे चिखलपक्षी भरती-ओहोटीवर जगतात. ओहोटीनें ओला कांठ उघडा पडला कीं त्यांतील किडे, अळ्या, कृमि टिपावयाचे. भरती आली कीं मागें सरावयाचें. हा क्रम तेथें दिवसांतून दोनदां चालतो. खडकवासल्याला जुन्या काळीं हीच भरती-ओहोटी वर्षांतून एकदां असे. पावसाळ्यांत तलाव भरे. तें पाणी शहर पिई, शेतें पीत, आणि हिंवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत कांठ हातहात उघडा पडत जाई. आणि नेमक्या याच महिन्यांत उत्तरेकडचे पाहुणे येत. टिलवा सैबेरियाच्या उत्तर टोकाशीं अंडीं घालतो. त्याचें वजन दोन तोळ्यांच्या आसपास. एवढासा जीव हजारों मैल येऊन आमच्या कांठावर उतरतो, तो कांहीं सृष्टिसौंदर्य पाहावयास नव्हे. पुण्यानें पाणी प्यावें आणि त्यामुळें उघड्या पडलेल्या कांठावर टिलव्यानें पोट भरावें, असा हा विलक्षण व्यवहार आहे. धरण बांधणाऱ्यांनीं एकर मोजले, पाणी मोजलें. हें खातें कोणी मांडलेलें नव्हतें, पण तें चालूं झालें.

वरचीं धरणें झाल्यावर ही वार्षिक ओहोटी साहजिकच बदलली. आतां वरून पाणी सोडलें कीं तलाव चढतो, कालव्याचें आवर्तन सुरू झालें कीं उतरतो. पक्ष्यांना पंचांग पाहून येण्याचें सुख राहिलें नाहीं. जेव्हां जो पट्टा उघडा पडेल तेव्हां तो गांठावा लागतो. आणि अडचण अशी कीं, नेमका तोच पट्टा आम्हांसहि हवा असतो. पाणी मागें गेलें कीं वाहनें पुढें जातात. जेथें तुतारीनें चालावयाचें तेथें कोणी गाडी धुतो, कोणी गाणीं लावतो, कोणी कागद आणि प्लास्टिकच्या पिशव्या टाकून जातो. हें पाणी दुसऱ्या दिवशीं आपल्याच नळास यावयाचें आहे, याचाहि विसर पडतो.

याविषयीं लिहितांना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. चौपाटी बंद करा, असें म्हणणें सोपें आहे. पण तें अन्यायाचें होईल. ज्या कुटुंबाला आठवड्याचे सहा दिवस दोन खोल्यांत काढावे लागतात, त्याला सातव्या दिवशीं मोकळें पाणी पाहावेंसें वाटलें तर तो त्याचा हक्क आहे. आणि शेगडी पेटविणाऱ्या त्या बाईचा संसार या गर्दीवरच चालतो. आमचें मागणें लहान आहे. माणसांनीं रस्त्याच्या बाजूस बसावें, पाण्यापर्यंत चालतहि जावें. पण वाहनें चिखलावर उतरूं नयेत, आणि कांठाचे कांहीं फांटे तरी हिंवाळ्याचे महिने मोकळे राहावेत. यांत माणसांचेंहि हितच आहे. हा गाळाचा कांठ दिसावयास सपाट पण आंतून फसवा असतो. या तलावांत बुडून तरुण मुलें गेल्याच्या दुःखद वार्ता पुण्यास नवीन नाहींत. जी जागा पक्ष्यांची भाकरी आहे तीच आपल्या मुलांना धोक्याची आहे.

आणखी एक गोष्ट या मागण्यामागें आहे. नदीवर आपण धरणें बांधलीं. तीं बांधावयासच हवीं होतीं. परंतु त्यांनीं नदीची वाळू आणि बेटें पाण्याखालीं गेलीं. जीं खालीं उरलीं त्यांतील पुष्कळ वाळू शहर बांधण्यास गेली. साइक्सनें नांवें दिलेल्या माशांपैकीं कित्येक पुण्याजवळच्या नदींतून दिसेनासे झाले आणि त्यांच्या जागीं परदेशांतून आणलेली चिलापी वाढली. नदीसुरय आज जागतिक पातळीवर धोक्यांत आलेल्या पक्ष्यांत मोजला जातो. याच मुठेचें पाणी पुढें भीमेला मिळतें आणि उजनीच्या जलाशयांत थांबतें. तें धरण १९८० सालीं पुरें झालें आणि त्याच्या कांठावर, भिगवणच्या बाजूस, रोहित पक्षी हिंवाळ्यांत शेंकड्यांनीं उतरूं लागले. म्हणजे माणसानें केलेल्या पाण्यालाहि पांखरें नाकारीत नाहींत. त्यांना नदी आणि धरण, खाडी आणि तलाव हा भेद ठाऊक नाहीं. उथळ पाणी, ओला कांठ आणि थोडी निवांतता एवढ्या तीन गोष्टी मिळाल्या कीं त्यांचा किनारा होतो. पहिल्या दोन गोष्टी धरणानें नकळत दिल्या. तिसरी मात्र जाणूनबुजून द्यावी लागते.

फेब्रुवारी संपतां संपतां आम्हीं नातीस पुन्हा तेथें नेलें, या वेळीं सकाळीं. रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसून तिनें तुताऱ्या मोजल्या, चार भरल्या. शेकाट्यांची मोजदाद दोनदां चुकली. मग तिनें विचारलें, "आजोबा, यांनीं खरा समुद्र पाहिला असेल का?" आम्हीं सांगितलें कीं, पाहिला असेल, कोंकणच्या किनाऱ्यावर अशाच तुताऱ्या असतात, आणि त्यांना तो कांठ व हा कांठ निराळा वाटत नसावा. तिला हें पटलेलें दिसलें. इतक्यांत वरून एक गाडी घसरत घसरत चिखलावर उतरूं लागली. शेगडीवरच्या त्या बाईनें हात वर करून हांक मारली, "ओ दादा, तिकडं नगा जाऊ, चाक रुतंल!" गाडी थांबली आणि मागें फिरली. तुताऱ्या थोड्या उडाल्या आणि पुन्हा पाण्याच्या कडेला येऊन चालूं लागल्या.